आईच्या लुगड्याचे दुपटे तीन वेळा उसवले. मार्गदर्शन हवे आहे

माजघर | 4 सप्टेंबर

नमस्कार. माझ्या भाचीला 9 ऑगस्टला मुलगी झाली. त्या मुलीची पणजी, म्हणजे माझी आई, तीन वर्षांपूर्वी गेली. आईने सांगलीकडच्या आमच्या घरी जन्मभर इरकली लुगडी नेसली आणि त्यांपैकी दोन, एक हिरव्या बारीक चौकडीचे आणि एक डाळिंबी, माझ्या ट्रंकेत जपून ठेवलेली होती. भाचीला दिवस गेल्याचे कळले तेव्हाच मी ठरवले की बाळंतविड्यात बाकी सारे विकतचे असले तरी दुपटे मात्र पणजीच्या लुगड्याचे आणि माझ्या हातचे असेल. मला शिवण येते. परकर-पोलकी, झबली, उशांचे अभ्रे हे सर्व मी तीस वर्षे घरी शिवत आले आहे, त्यामुळे एवढेसे दुपटे म्हणजे फार तर दोन आठवड्यांचे काम, असे मी धरून चालले होते. जूनमध्ये सुरुवात केली. आता सप्टेंबर उजाडला आहे, घातलेले दोरे तीन वेळा उसवून झाले आहेत, आणि समोर पडलेल्या चार पदरांकडे पाहिले की रडू येते.

जे झाले ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक नेमकी कोठे झाली हे जाणकारांना सांगता येईल.

हिरवे लुगडे मी रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घातले. सकाळी पिळताना ते मधोमध हातभर फाटले, आणि फाटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. भिजलेला कागद सुटावा तसे ते कापड माझ्या हातात सुटले. आईच्या अंगावर मी ज्या कापडाला चाळीस वर्षे पाहिले ते असे हातात विरघळताना पाहणे मला फार जड गेले. उरलेल्या भागातून 36 इंच रुंद आणि 42 इंच लांब असा एक पदर कसाबसा निघाला. त्याखाली नव्या मलमलीचे दोन पदर आणि सर्वांत खाली डाळिंबी लुगड्याचा एक, अशी चौघडी मांडली. अर्धी शिवून झाल्यावर लक्षात आले की मधोमध पोट सुटले आहे आणि वरचा पदर खालच्यापेक्षा दोन बोटे पुढे सरकला आहे, म्हणून पहिल्यांदा उसवले. दुसऱ्यांदा शिवताना विरलेल्या जागी टाक्यांच्या भोकांतूनच कापड उसवू लागले. तिथे मी लाल काठाची पट्टी ठिगळासारखी लावली, आणि ठिगळ बसले की नाही हे पाहण्यासाठी पाण्याचा हात फिरवताच काठाचा रंग खालच्या पांढऱ्या मलमलीत उतरला. म्हणून दुसऱ्यांदा उसवले. तिसऱ्या वेळी ऐन श्रावणात टाचण्या लावून दुपटे आठ दिवस घडी करून ठेवले होते. हवा इतकी दमट होती की प्रत्येक टाचणीच्या जागी गंजाचा तांबूस ठिपका उमटला.

एवढ्यात बाळ तीन आठवडे आधीच आले. बारसे बाराव्या दिवशी झाले आणि मी दुकानातून आणलेले झबले-टोपडे घेऊन गेले. आणखी एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण सांगते. घरात सगळे ज्या नावाने बाळाला हाक मारत होते ते चार अक्षरी नाव मी कोपऱ्यात साखळी टाक्याने आधीच भरून ठेवले होते. बारशाला आत्याने बाळाच्या कानात वेगळेच नाव सांगितले. ती भरलेली अक्षरे उसवली तर त्यांच्या जागी भोकांची तीच चार अक्षरे राहिली, आणि ती उजेडात वाचतासुद्धा येतात.

घरातले म्हणतात की असे दुपटे बाजारात चारशे रुपयांत मिळते, मग एवढा त्रास कशासाठी. त्यांचा हेतू वाईट नाही, पण त्या वाक्याने मला जेवढे खचल्यासारखे होते तेवढे गंजाच्या ठिपक्यांनीही झाले नाही. बाजारात माझ्या आईचे लुगडे मिळत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विरलेले कापड वाचवता येते का? पदर सरकू नयेत म्हणून शिवण कडेपासून धरावी की मधून? आणि उतरलेला रंग व गंज यांचे काय करावे? संक्रांतीला बाळाचे बोरन्हाण आहे. तोपर्यंत दुपटे हाती द्यावे अशी फार इच्छा आहे.


दोरेवाली | 4 सप्टेंबर

ताई, तुमचे लिखाण वाचून माझ्या सासूबाईंची आठवण झाली. आमच्या सातारा भागात अशा पदरांच्या गोधडीला आम्ही वाकळ म्हणतो, आणि सासूबाईंच्या हाताखाली मी लहान-मोठ्या मिळून बऱ्याच वाकळा शिवल्या आहेत. त्यांची पहिली शिकवण ही होती की लुगडे सगळीकडे सारखे जुने होत नाही. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास कापड असते, पण त्यातला कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, डोक्यावरून घ्यायच्या पदराला ऊन लागून तो भाग कडक आणि फिका होतो, आणि आतल्या निऱ्यांचा भाग मात्र बराच काळ घट्ट राहतो. त्यामुळे लुगडे कापायच्या आधी ते खिडकीत उजेडासमोर धरून पूर्ण लांबी तपासावी. जेथे उजेड जाळीसारखा गाळून येतो तेथे खडूने खूण करावी. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकेच ताणावे. जे कापड ताणताना करकरते किंवा ज्याचे धागे बाजूला सरकतात ते शिवणीला चालत नाही. हे सर्व कापड कोरडे असताना करायचे, कारण विरलेले कापड ओले झाले की स्वतःचेच वजन त्याला पेलवत नाही. रात्रभर भिजवणे आणि पिळणे या दोन्ही गोष्टी तेथे नडल्या. असे कापड परातीत पसरून, पाणी वरून ओतून, हाताने दाबून धुवावे आणि चादरीवर आडवे पसरून वाळवावे.

शिवणीबद्दल म्हणाल तर आम्ही नेहमी कडेपासून आत जातो. चारही बाजूंनी कड दुमडून पहिली फेरी घालायची, मग तिच्या आत दुसरी, अशा चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत पोहोचायचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिचीही शिवण अशीच कडेकडून आत येते आणि कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या चिंध्यांची फुले बसवतात. हजारो वाकळा अशाच झाल्या आहेत, तेव्हा पद्धतीत दोष नाही.


शिवणटिपण | 5 सप्टेंबर

दोरेवाली यांच्या कापड तपासण्याच्या सूचना अगदी योग्य आहेत, परंतु शिवणीबाबत मी वेगळे मत मांडू इच्छिते. कडेपासून आत येताना प्रत्येक फेरी वरचा पदर थोडा थोडा आत ढकलते आणि तो सगळा फुगवटा शेवटी मध्यभागी जमतो. माजघर यांनी ज्याला पोट म्हटले आहे ते हेच असणार. मी शिकवण्या घेते आणि विद्यार्थिनींना मधून कडेकडे जायला सांगते, म्हणजे सैलपणा बाहेर निघून जातो आणि कड शेवटी कापून सारखी करता येते. त्याआधी कच्चे टाके हवेतच. वितीवितीच्या अंतराने उभ्या आणि आडव्या कच्च्या टाक्यांच्या ओळी घातल्याशिवाय दुपटे जमिनीवरून उचलायचेच नाही. टाचण्यांवर विसंबू नये, विशेषतः पावसाळ्यात.

आणखी एक प्रश्न आहे. आपण दोरा कोणता वापरला? जुन्या सुती कापडात पॉलिस्टरचा दोरा घातला तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापले जाते. जुन्या कापडाला सुती दोराच हवा, जेणेकरून तुटायचे झाले तर दोरा तुटेल, आणि दोरा पुन्हा घालता येतो.


माजघर | 5 सप्टेंबर

पॉलिस्टरचाच होता. टिकाऊ व्हावे म्हणून मुद्दाम घेतला होता.


दोरेवाली | 5 सप्टेंबर

शिवणटिपणताई, मी तुमचे म्हणणे खोडून काढत नाही, मात्र आमच्याकडे पोट का सुटत नसे याचे कारण सांगते. वाकळ शिवायला घेण्याआधी सारवलेल्या जमिनीवर सगळे पदर अंथरून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवत, चौघीजणी चार बाजूंना बसत आणि कापड ताणून धरत. म्हणजे तुमच्या कच्च्या टाक्यांचे काम तेथे वजन आणि माणसे करत होती. एकटीने मांडीवर घेऊन कडेपासून शिवायला गेले की तुम्ही म्हणता तसा फुगवटा येतो, हे मला मान्य आहे. माजघरताई, तुमच्याजवळ चौघी नसतील तर मधून सुरुवात करा.


पांढराचाफा | 6 सप्टेंबर

नावाचा प्रसंग वाचून वाईट वाटले. आमच्या घरीही असेच झाले होते. माझ्या नणंदेने चांदीच्या वाटीवर नाव कोरून आणले आणि बारशाला नाव बदलले. ती वाटी आजही कपाटात आहे. बाळाचे नाव बारसे होईपर्यंत बाहेर फुटू द्यायचे नाही ही आपली रीत आहे आणि ती मला आवडते, पण हाताने भेट करणाऱ्यांनी म्हणूनच नावाची जागा मोकळी ठेवावी. जन्मतारीख भरावी, ती बदलत नाही. आणि तीही बाळ आल्यावरच.

त्या भोकांबद्दल एक सांगते. कापड नवे असेल तर ओल्या फडक्याने दमट करून नखाने उभे-आडवे घासले की धागे पुन्हा जागेवर येतात. जुन्यात ते तितकेसे होत नाही. तेथे वरून छोटी कुयरी भरून घेतलेली बरी.


बालविभाग | 6 सप्टेंबर

मी बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. आपले काम सुंदर होईल यात शंका नाही, परंतु ते बाळाजवळ जाण्याआधी काही गोष्टी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का? डांबरगोळ्यांत नॅप्थलीन असते आणि त्याची वाफ कापडात मुरते. काही बाळांमध्ये जी सिक्स पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला नॅप्थलीन मुरलेल्या कपड्यांत किंवा दुपट्यात गुंडाळले तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात, रक्त कमी होते आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे चाचणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून ट्रंकेतून काढलेले कोणतेही कापड नवजात बाळाला थेट लावू नये. ते पुष्कळ दिवस उघड्या हवेत टांगून, धुऊन, पुन्हा वाळवून, वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच हाती घ्यावे. त्याजागी कापूर ठेवणेही टाळावे. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने कपड्यांत ठेवावीत, मात्र बाळाच्या कपड्यांत तीही नकोत.

दुसरी गोष्ट टाक्यांची. दुपट्याच्या मागच्या बाजूला लांब सुटलेले दोरे किंवा सैल टाके राहिले तर त्यात बाळाचे बोट अडकते. दोरा किंवा साधा केससुद्धा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला की बोट सुजते, सूज आली की दोरा आणखी रुतत जातो, आणि बाळ का रडते आहे हे कोणालाच उमगत नाही. मी अशी बाळे पाहिली आहेत. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा असावा, त्याहून मोठा नको. मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू, बटणे यांपैकी काहीही लावू नये, कारण ते सुटून तोंडात जाते. जरीचा किंवा कडक काठ गालाला घासतो, म्हणून तोही बाहेरच्या बाजूला नको.

तिसरी गोष्ट अनेकांना आवडत नाही, पण सांगते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2022 मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या सूचनांतही लहान बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण, गोधडी, उशी असे मऊ काही ठेवू नये असे सांगितलेले आहे, कारण ते नाकातोंडावर येऊ शकते. तेव्हा दुपटे बाळ जागे असताना जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला आणि समोर कोणी बसलेले असताना वापरायला द्यावे. पहिले वर्ष उलटल्यावर ते पांघरूण होईल.


माजघर | 6 सप्टेंबर

होय, डांबरगोळ्या होत्या. दर दिवाळीत नव्या घालत आले. कापडाला जो वास येत होता तो मला ट्रंकेचा, आईच्या घराचा वास वाटत होता आणि तो जाऊ नये असेच मला वाटत होते. आपला प्रतिसाद वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. दुपटे वेळेवर झाले नाही म्हणून मी महिनाभर स्वतःला दोष देत होते. ते बारशाला तयार असते तर त्याच वासासकट बाळाच्या अंगाखाली गेले असते. आज दोन्ही लुगड्यांचे सर्व तुकडे गच्चीवर छपराखाली दोरीवर टाकले आहेत. आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही.


रंगखाते | 7 सप्टेंबर

मी इचलकरंजीत कापड प्रक्रियेच्या कारखान्यात रंगाच्या विभागात काम केले आहे, म्हणून काठाच्या रंगाबद्दल लिहितो. इरकलीचे अंग सुती असले तरी काठ आणि पदर बहुधा रेशमाचे किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. विणतानाच पदराचा ताणा अंगाच्या ताण्यात अडकवून जोडलेला असतो. त्यामुळे एकाच लुगड्यात दोन जातींचे धागे आहेत, ते पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि त्यांचा रंग वेगवेगळ्या प्रकारे धरतो. काठ आणि अंग एकाच तुकड्यात ठेवून आपण दुपटे शिवले तर पहिल्या धुण्यानंतर काठाशेजारी चुण्या पडणारच. काठ वेगळा कापून घ्यावा, स्वतंत्र धुवावा आणि मगच जोडावा.

रंग पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून काठावर ठेवावा आणि वरून कोमट इस्त्री थोडा वेळ दाबावी. तुकड्याला रंग लागला तर तो काठ पांढऱ्या कापडाजवळ नेऊ नये. आपल्याकडे मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की रंग बसतो असे सांगतात. कापड रंगवत असताना मिठाचा उपयोग होतो, परंतु जो रंग मुळातच धाग्यात नीट बसलेला नाही तो नंतर घातलेल्या मिठाने बसत नाही. सुटा रंग थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन काढून टाकणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मलमलीत उतरलेला रंग वाळण्याआधी धुतला असता तर पुष्कळसा गेला असता. आता मलमल नवीनच घ्यावी. ती काही आईची नाही. फक्त शिवण्याआधी ती दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्यावी, म्हणजे खळ निघून जाईल आणि आटायचे ते आधीच आटेल. गंजाचे ठिपके पांढऱ्या कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून, थोडा वेळ उन्हात ठेवून निघतात, पण आम्लाने सुती धागा दुबळा होतो, म्हणून विरलेल्या लुगड्यावर हा प्रयोग करू नये. तेथे ठिपका राहू द्यावा.


नवीआई | 9 सप्टेंबर

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे, राग मानू नये. माझ्या मुलाच्या वेळी माझ्या आत्तेसासूबाईंनी लोकरीचे क्रोशाचे पांघरूण स्वतः विणून दिले. ते इतके नाजूक आणि सुंदर होते की मी ते वापरूच शकले नाही. बाळ दिवसातून कितीतरी वेळा दुपटी ओली करते, दूध ओकते, आणि मला रात्री दोन वाजता ते हाताने, थंड पाण्यात, आडवे पसरून वाळवणे शक्य नव्हते. एकदा घाईत ते यंत्रात गेले आणि निम्मे आटून नमद्यासारखे झाले. आजही त्यांच्यासमोर तो विषय निघाला की मी नजर चुकवते. त्यांनी तीन महिने खपून विणले होते आणि मी एका धुण्यात ते संपवले, ही बोचणी जात नाही.

म्हणून माझी विनंती आहे की भाचीला दुपटे देताना ते कसे धुवावे हे एका कागदावर लिहून द्या, आणि शक्य असेल तर ते रोजच्या धुण्यात टिकेल असेच करा. ती ते वापरायला घाबरली तर ते पुन्हा ट्रंकेतच जाईल.


माजघर | 9 सप्टेंबर

राग कसला मानायचा? मी हा विचार केलाच नव्हता. मी फक्त देण्यापर्यंतच पाहत होते.

आज बसून हिशेब केला. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर 36 बाय 42 इंचांच्या दुपट्यात सुमारे 77 मीटर शिवण होते, आणि एका इंचात चार टाके धरले तर बारा हजारांच्या वर टाके पडतात. हे मी अडीच वेळा घातले आणि अडीच वेळा काढले. चौथ्यांदा घालायची माझी तयारी आहे, परंतु ज्या कापडासाठी हे करायचे तेच कापड रोजचे धुणे सोसू शकणार नाही हे आता मला दिसते आहे. मग मी काय करावे?


सुतडगुंडी | 10 सप्टेंबर

माजघर, मी आपला धागा पहिल्यापासून वाचते आहे आणि मला वाटते की अडचण आपल्या हातात नाही, मांडणीत आहे. आपण सर्वांत दुबळे कापड सर्वांत वर ठेवले आहे, जेथे घासणे, ओढणे, ऊन, पाणी, बाळाची नखे हे सगळे त्यालाच सोसावे लागते. आठवणीचे कापड आणि भार पेलणारे कापड ही दोन वेगळी ठेवावीत. संग्रहालयांत जीर्ण वस्त्रे जपताना त्यांच्यावर अतिशय पारदर्शक रेशमी कापडाचा किंवा जाळीचा पदर घालतात आणि खाली आधाराचे कापड देतात. टाका त्या दोन पदरांना धरतो आणि जीर्ण वस्त्र मध्ये नुसते विसावते. आपण तेच घरच्या कापडात करू शकतो.

वर आणि खाली नवी, धुऊन आटवलेली पातळ मलमल घ्यावी. मध्ये हिरवे लुगडे घालावे. ते फाटलेले असले तरी चालेल, तुकडे शेजारी शेजारी पसरून ठेवले तरी चालेल. टाका तिन्हींतून जाईल, पण ताण मलमलीवर येईल. वरची मलमल पातळ असल्यामुळे लुगड्याची चौकडी आतून पुसट हिरवी दिसत राहील. आपल्याकडे दोन पदरांचे ते दुपटे आणि चार घड्यांची ती चौघडी अशी नावे आहेत. ही तीन पदरांची होईल, तिला नाव नसले तरी हरकत नाही.


दोरेवाली | 10 सप्टेंबर

कल्पना चांगली आहे, तरी मनाला जरा खटकते. आमच्याकडे वाकळीच्या दर्शनी बाजूला नेहमी घरातले सर्वांत चांगले लुगडे घालतात आणि चिंध्या आत भरतात. पणजीचे लुगडे आत आणि दुकानातली मलमल बाहेर, हे उलटे झाले.


सुतडगुंडी | 10 सप्टेंबर

आपला आक्षेप मला समजतो. परंतु दर्शनी बाजूला घालायचे ते लुगडे चांगले, म्हणजे धड असे, हेही त्या रीतीतच आहे. विरलेले लुगडे त्या बायकांनीही आतच भरले असते.


दोरेवाली | 11 सप्टेंबर

हे मात्र खरे आहे. जे विरले ते आतच जात असे, आणि आतल्या त्या पदरांनीच ऊब यायची. माजघरताई, काठाचा घट्ट तुकडा उरला असेल आणि त्याचा रंग सुटत नसेल तर तो एका कडेला बाहेरून लावा, म्हणजे माझ्या मनाचेही समाधान होईल.


माजघर | 19 ऑक्टोबर

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला. लुगडी पाच आठवडे हवेवर होती. आता कापड नाकाला लावले तर कसलाच वास येत नाही, डांबरगोळ्यांचा नाही आणि घराचाही नाही. हे चांगलेच झाले, हे मला समजते. तरी पहिल्या दिवशी तो वास नाही हे जाणवले तेव्हा मी कापड हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते.

काठाची इस्त्री लावून परीक्षा केली. डाळिंबी लुगड्याचा काठ भरपूर रंग सोडतो, तो बाजूला ठेवला. हिरव्याचा काठ सहा वेळा थंड पाण्यात धुतल्यावर पांढऱ्या तुकड्याला काहीही लागले नाही. मलमल दोनदा गरम पाण्यात धुतली तेव्हा ती मीटरमागे जवळजवळ दीड इंच आटली. म्हणजे पूर्वी न धुता वापरलेली मलमल मला पुढे काय दाखवणार होती ते कळले. दिवाणखान्यातील फरशीवर पदर अंथरून चार कोपऱ्यांवर पोळपाट, खलबत्ता आणि दोन जाड शब्दकोश ठेवले. वितीवितीवर कच्चे टाके घातले, आणि मधून सुरुवात केली. सुती दोरा. एका बैठकीत सहा-सात ओळींच्या पुढे जात नाही, कारण त्यानंतर माझे टाके लांबू लागतात. आतापर्यंत निम्मे झाले आहे आणि पोट सुटलेले नाही.

फक्त एक अडचण उरली आहे. हिरव्या लुगड्यातली फाटलेली जागा मधोमध आहे आणि वरून ती पांढऱ्या ओढ्यासारखी दिसते. तेथे डाळिंबी तुकडा सरकवावा का?


रंगखाते | 19 ऑक्टोबर

डाळिंबी मुळीच नको. काठाने जो रंग सोडला तो अंगानेही सोडण्याची शक्यता आहे आणि तो पांढऱ्या मलमलीखाली बंद झाल्यावर आपल्या हातात काही राहणार नाही.


पांढराचाफा | 20 ऑक्टोबर

फाटलेली जागा तशीच दिसू द्यावी. तुमच्या जागी मी असते तर तेथे वरच्या मलमलीवर जन्मतारीख भरली असती. तेथे आत लुगडे नसल्यामुळे अक्षरे पांढऱ्यावर स्वच्छ उठतील.


माजघर | 20 ऑक्टोबर

पांढराचाफा, आपण सुचवलेले करते. तारीख तिथेच भरते. नावासाठी खालचा उजवा कोपरा मोकळा सोडते. तिची आई भरील, किंवा पुढे ती स्वतः.


माजघर | 17 जानेवारी

बोरन्हाण झाले. दुपटे आदल्या रात्री पूर्ण झाले. 36 बाय 42 ठरवले होते, शिवणीने आवळून ते 35 बाय 40 भरले. डावी कड थोडी तिरकी आहे आणि ती आता तशीच राहील. शेवटच्या आठवड्यात मागच्या बाजूचा प्रत्येक टाका बोट फिरवून तपासला, अकरा सैल निघाले, ते पुन्हा घातले. दोनदा यंत्रात धुऊनच नेले, आणि नवीआईंनी सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहून दिले की हे रोजच्या कपड्यांत टाकायचे आहे, जपून ठेवायचे नाही. बाळ काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्यावर बसले होते. दागिने फोटोपुरतेच होते, लगेच काढले, कारण ती हलवा तोंडात घालायला लागली होती.

भाचीने दुपटे हातात घेतले तेव्हा ती फारसे काही बोलली नाही. पांढरेच दिसते आहे, आत आजीचे लुगडे आहे का, एवढे तिने विचारले. मी तिला काठ दाखवला. मला थोडे वाईट वाटले होते, ते मी मनातच ठेवले.

आज सकाळी तिचा फोन आला. बाळाने दुपटे ओले केले म्हणून ती ते धुवायला घेऊन गेली आणि पाण्यात बुडवताच सगळी हिरवी चौकडी वर आली, अगदी फाटलेल्या कडेपर्यंत, जणू मलमल तेथे नाहीच. ती ते हातात धरून नळाखाली उभी होती आणि मला सांगत होती की मावशी, आजी स्वयंपाकघरात बसायची तेव्हा तिच्या मांडीवर हीच चौकडी दिसायची. वाळल्यावर ते पुन्हा पुसट झाले आहे, असे तिने दुपारी कळवले.